तात्यांच्या गाडीचं बटण

आमच्या बारामतीच्या सोसायटीत तात्या बिनविरोध चेअरमन कसे झाले, ते ऐका.

तात्यांनी नवी गाडी घेतली. रिमोट नको, गाडीतलंच बटण दाबलं की सोसायटीच्या सामाईक पार्किंगचं शटर वर जाणार, असं शोरूमवाल्यानं सांगितलेलं. त्यासाठी शटरच्या मोटरच्या डब्यातलं बटण एकदा दाबून सोडायचं होतं. तात्यांनी ते दाबूनच धरलं. झालं! आमचे सगळ्यांचे रिमोट पुसले गेले आणि तात्यांच्या गाडीतलं बटण तेवढं जोडलं गेलं.

सकाळी आमच्या सगळ्या गाड्या आत. ज्यांनी तात्यांना कधी रामराम घातला नव्हता, ते त्यांच्या दारात रांगेत उभे.

"तात्या, लोणी देवकरला ड्युटी हाय. शटर उघडता का?"

"उघडतो की. च्या तरी घेऊ द्या."

मग "कुणी हात लावू नये" म्हणून तात्यांनी डब्याला कुलूपच घातलं. पुढं निवडणूक लागली, तर अर्ज एकट्या तात्यांचा.

हार घालताना मी हळूच म्हणालो, "तात्या, कुलूप काढा. रिमोट परत जोडता येतात, मला येतंय ते."

तात्या म्हणाले, "मलाबी येतंय रं. पन जो तो आपल्या रिमोटनं शटर उघडाय लागला, तर माझ्या दारात कोन येईल?"