मालिकेतलं गंभीर राजकारण

टीव्हीवर झळकायची हौस असेल, तर आधी माझं ऐका. इथे जर्मनीत, हायडेलबर्गजवळच्या एका जुन्या महालात गुलामगिरीच्या काळावरच्या मालिकेचं शूटिंग होतं आणि गर्दीत उभं राहायला माणसं हवी होती. शनिवारी ऑफिसातला श्टेफान आणि मी हौसेने वाल्डॉर्फहून गाडी काढून गेलो. श्टेफानला जरीचा कोट आणि सरदारकी मिळाली. मला गुलामाचा फाटका सदरा आणि हातात ट्रे.

"अहो, पण मी पुण्याचा आहे," मी सहायक दिग्दर्शिकेला, म्हणजे लेनाला, म्हटलं.

"लांबून कळत नाही," ती गोड हसली. "आमची मालिका तरुण मुलांची, धमाल विनोदी आहे. पण गुलामगिरीचं राजकारणही आम्ही फार गंभीरपणे दाखवतो."

"कुठे दाखवता?"

"आल्झो, म्हणजे काय, तुम्ही उभे आहात ना!"

शॉट सुरू झाला. सरदारांची पोरं एकमेकांच्या तोंडाला केक फासत खिदळत होती आणि गंभीर राजकारण मागे ट्रे धरून उभं होतं. सहाव्या टेकला एकाने केक माझ्या सदऱ्याला पुसला. स्क्रिप्टमध्ये नसताना. माझं डोकंच फिरलं. ट्रे आपटला, "मी चाललो," म्हणालो आणि दाराबाहेर पडलो.

मागून दिग्दर्शकाच्या टाळ्या! "गेनाऊ! हेच हवं होतं! या, परत या, आता दुसऱ्या अँगलने."

काय सांगू, संध्याकाळपर्यंत मी अकरा वेळा स्वतंत्र झालो.