रविवारचा रेस्ट डे

अगं, चहात साखर घाल आज, डोकं तापलंय माझं. मी आणि माझा नवरा संदीप, दोघं परळच्या जिमला जातो ना? शनिवारी ट्रेनर सरांनी आम्हा दोघांनाही बजावलं, "उद्या रेस्ट डे. व्यायामाइतकीच विश्रांती महत्त्वाची. जड उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही."

रविवारी हा सोफ्यावर आडवा. म्हटलं, "दादरहून मासळी घेऊन ये रे." तर म्हणतो कसा, "पिशवी जड होते. सरांनी काय सांगितलंय?"

गेले मीच. आल्यावर कोळंबी सोलली, वाटण केलं. निदान नारळ तरी खवून दे म्हटलं, तर सासूबाई आतून ओरडल्या, "झोपांदे गो तेका, व्यायाम करून दमलो तो!"

आणि मी काय जिममध्ये आरसे पुसायला जाते?

वर जेवून ताट तिथंच ठेवून मला ज्ञान देतो, "कोळंबीत प्रोटीन चांगलं असतं हं." असा राग आला ना!

आज सकाळी सरांनी स्क्वॉट्स मारायला लावले. ह्याचे धडाधड झाले आणि माझे पाय लटपटायला लागले. सर सगळ्यांसमोर मलाच बोलले, "मॅडम, संदीपकडून शिका जरा. तुमची रिकव्हरी झालेलीच नाही. काल दिवसभर काय करत होतात?"

मी म्हटलं, "ह्याची रिकव्हरी."