छातीतलं आणि घशातलं

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या इस्पितळाच्या अधीक्षक मॅडम. व्यासपीठावरचे मोठे डॉक्टर. धुलाई विभागातले माझे सगळे दीर, जावा आणि नणंदा. आणि त्या भल्यामोठ्या पुष्पगुच्छामागे जेमतेम दिसणारे सत्कारमूर्ती, म्हणजे तुमचे फोरमनसाहेब, आमचे हे! सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभरात माझं भाषण म्हणजे "इथे सही करा" आणि "पुढचे या". तेव्हा सांभाळून घ्या.

फोरमनसाहेब पूर्वी प्यायचे, हे सांगून मी काही गुपित फोडत नाही. इथल्या निम्म्या लोकांनी त्यांना घरी आणून सोडलंय आणि दार मी उघडलंय. शिवाय ह्यांची परवानगी काढून ठेवली आहे. "सांग बिनधास्त, फक्त लांबवू नकोस," असं उत्तर मिळालं.

दारू सुटली तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी ह्यांना एक अभ्यास दिला. ओढ लागली की घाबरायचं नाही. बसायचं आणि शरीराला विचारायचं, कुठे होतंय, काय होतंय? आणि जे कळेल ते घरातल्या माणसाला मोठ्याने सांगायचं. आता घरातलं माणूस कोण? मी! मग काय विचारता? आमच्याकडे हवामानाच्या बातम्याच सुरू झाल्या. मी भांडी घासतेय आणि मागून आवाज, "अगं, मानेत ताण आहे." "पोटऱ्या जड झाल्यात." एकदा तर, "डाव्या पायाच्या करंगळीत काहीतरी अस्वस्थ आहे." पाहिलं, तर मोज्यात खडा!

पण त्या बडबडीतूनच एकेक उलगडत गेलं. कामावरून सुटताना जीव कासावीस व्हायचा, ती पुष्कळदा नुसती भूक असायची. कामाच्या धबडग्यात दुपारचा डबा तसाच परत यायचा ना! भुकेला हा माणूस इतकी वर्षं दारू पाजत होता. हसावं की रडावं, मला समजेना. तेव्हापासून तुम्ही सगळे दुपारी यंत्रं थांबवून त्यांना डब्यावर बसवत आलात. कुणी उपदेश केला नाही, नुसतं "काका, चला" म्हणालात. तुमचे हे उपकार मी विसरणार नाही.

आता मागच्या महिन्याची गोष्ट. निवृत्तीची तारीख ठरली. त्या संध्याकाळी हे आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. म्हणाले, "छातीत जड वाटतंय." मी पुढचं ऐकतेय कशाला! टॅक्सीत घातलं आणि थेट इथे आणलं. मोठे डॉक्टर साक्षीला बसलेच आहेत. त्यांनी कार्डिओग्राम काढला, पुन्हा काढला, आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे."

बाहेर बाकावर बसलो. तेव्हा हे हळूच म्हणाले, "अगं, मला आधी वाटलं प्यायचंय. दारूच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. मग थांबून बघितलं. प्यायची ओढ माझ्या घशात असते. हे छातीत होतं."

मी म्हटलं, "मग हे काय आहे?"

"रडू असेल," म्हणाले. "फार वर्षांत आलं नाही ना, ओळखू आलं नाही."

आणि रडले की हो! लहान मुलासारखे रडले. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, रिपोर्ट वाईट आला. ते ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा." मी म्हटलं, "नाही हो, रिपोर्ट उत्तम आहे!" तर ते माझ्याकडे असे बघायला लागले, की काय ही बाई!

आज सकाळपासून मला कितीतरी जणांनी बजावलंय. "वहिनी, त्यांना हसत ठेवा, रडू देऊ नका. उद्यापासून घरी बसायचंय, मन सैरभैर झालं तर..." पुन्हा पिऊ लागतील, हीच भीती ना? मलाही तीच धास्ती आहे, खोटं कशाला बोलू? उद्या ह्यांना डब्यावर बोलवायला तुम्ही नसाल.

पण माझी विनंती नेमकी उलटी आहे. हे आता बोलायला उठतील आणि मध्येच अडतील. तेव्हा टाळ्या वाजवून वेळ मारून नेऊ नका. पाण्याचा ग्लास पुढे करू नका. विनोद तर मुळीच करू नका. आपल्याला काय होतंय हे ओळखायला त्यांना जरा वेळ लागतो. तेवढा त्यांना द्या.

अध्यक्ष मॅडमनी मला बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी खरंच आभारी आहे. सवय नसल्यामुळे काही कमी-जास्त बोलले असेन तर पोटात घाला.

अहो, उठा आता. सावकाश बोला. मी इथेच आहे.