एमेट गार्डनच म्हणायचे

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या फॉगहॉर्न्स आइस हॉकी संघाचे सर्वेसर्वा माननीय ब्रेंट हॉलिस्टर साहेब. प्रमुख पाहुण्या, क्विलारा हेल्थ कंपनीच्या उपाध्यक्षा माननीय मेरेडिथ काँक्लिन बाई. आजचे सत्कारमूर्ती, एकतीस हंगाम या इमारतीचा आवाज असलेले श्रीयुत एमेट ओल्शाक. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि माझ्याकडे रोखून बघणाऱ्या त्यांच्या पत्नी लोरीनबाई. आजी-माजी खेळाडू, तिकीट खिडकीवरच्या बायका, बर्फ गुळगुळीत करणारी मंडळी, आणि तीनशे बारा नंबरच्या विभागातून आलेले माझे सगळे दंगेखोर मित्रहो,

माझं नाव गेल टर्व्हो. मला भाषणाची सवय नाही. एकोणीस हंगाम मी निवेदकाच्या केबिनमध्ये एमेटच्या डाव्या हाताला बसले. घड्याळ चालू केलं, बंद केलं, गोल कुणी मारला त्याची चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. बोलायचं काम त्यांचं होतं. दिवसा मी शाळेच्या बसगाड्यांच्या कचेरीत असते, तिथे मी बोलते, पण ते ड्रायव्हर लोकांशी, आणि ते इथे बोलून चालणार नाही. तेव्हा आधीच सांगते, सांभाळून घ्या.

समारंभाआधी जिन्यात हॉलिस्टर साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "गेल, भाषणात इमारतीचं नाव पूर्ण घे बरं का. निदान एकदा." घेते. क्विलारा हेल्थ इव्हेंट्स सेंटर ॲट लेकफ्रंट. झालं, साहेब. आणि आपण बसलोय ती खोली फर्निचरवाल्या ग्रँजर बंधूंची, तो जिना दातांच्या डॉक्टरांचा, आणि मघाशी एमेटनी जो केक कापला त्याच्यावरही कंपनीचं चिन्ह होतं. माझ्या वाट्याला त्यातलं निळं आलं. चवीला बरं होतं.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगते. ही इमारत बांधली तेव्हा तिचं नाव लेकशोर गार्डन. मग एका बँकेने नाव घेतलं. ती बँक दुसऱ्या बँकेने गिळली, म्हणून ते गेलं. मग टेलिफोन कंपनी आली. मग गाद्या विकणारे आले, ते दोन हिवाळे टिकले. क्रेन येऊन उभी राहिली की आम्ही खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, चला, पुन्हा बारसं. एवढी बारशी आमच्या घराण्यात सगळ्यांची मिळून झाली नाहीत.

आता मी जे सांगणार आहे ते या खोलीतल्या पुष्कळांना आवडणार नाही. तीनशे बारावाल्यांनो, विशेषतः तुम्हाला. तुमच्या अंगातले ते पिवळे शर्ट मी बघतेय. पुढे "गार्डनच" आणि मागे एमेटचा चेहरा. चार वर्षं तुम्ही ते घालताय. एमेट कंपनीला जुमानत नाहीत, विकत घेतलेलं नाव तोंडात घेत नाहीत, म्हणून एमेट तुमचे राजे. खरं ना?

पण मला एक सांगा. बँकेचं नाव त्यांनी घेतलं होतं की नाही? टेलिफोन कंपनीचं? गाद्यांचं? सगळी नावं घेतली, एकदाही न अडखळता. पेनल्टी झाली की "दोन मिनिटं बाहेर, सौजन्य पेटिट सेप्टिक टाकी सफाई" हे वाक्य त्यांनी हजारो वेळा म्हटलं असेल, आणि असं म्हटलं की जणू देवळातली प्रार्थना. मी एकदा कुरकुरले होते, गाद्यांच्या वेळी. म्हटलं, "अहो एमेट, लाज वाटते हो. गाद्या." तर म्हणाले, "छप्पर गळतंय, गेल. नाव विकून छप्पर होत असेल तर विकू देत. माझंही विका म्हणावं, कुणी घेत असेल तर." हा माणूस बंडखोर? कधीच नव्हता. त्यांनी उभ्या आयुष्यात लाल दिवा ओलांडलेला नाही, लोरीनला विचारा.

मग हे पाचवं नाव आलं. हंगामातला पहिला सामना, रविवारची दुपार. करारात होतं की प्रत्येक सामन्यात चौदा वेळा नाव पूर्ण घ्यायचं. मी जाड पेनाने ठळक अक्षरात कार्ड लिहिलं आणि माईकला टेकवून ठेवलं. एमेटनी कार्डाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माईक ओढला आणि म्हणाले, "सभ्य स्त्री-पुरुषहो, गार्डनमध्ये आपलं स्वागत."

तुम्ही सगळे उठलात. आठवतंय ना? पाय आपटत होतात, आमच्या केबिनची काच थरथरत होती. मीही हसत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याने काय जिरवली. पुढच्या वेळी पुन्हा गार्डन, पुन्हा तुमचा जल्लोष. चौदाच्या चौदा वेळा.

मध्यंतरात त्यांनी माईक बंद केला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "गेल, आत्ता लोक का ओरडत होते गं?"

मी म्हटलं, "तुमच्यावर खूश आहेत."

"हो का? बरं झालं," म्हणाले, आणि कॉफी प्यायले.

मंडळी, मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं. पण त्या जल्लोषात कुणाला काय विचारणार? आणि विचारलं असतं तर माईक गेला असता. त्या माईकखेरीज या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्यांच्या शेजारी बसण्याखेरीज मला दुसरं काही आवडत नव्हतं. मी गप्प बसले. दोन हंगाम गप्प बसले. हे मी आज सगळ्यांसमोर कबूल करते.

मी करत होते ते एवढंच की चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहायच्या. आधी खेळाडूचं आडनाव, मग नाव, मग नंबर, मग काय झालं तेही. कधीकधी मी चिठ्ठीवर बोट ठेवून धरायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे, "माझं अक्षर घाण आहे, एमेट." ते म्हणायचे, "तुझं अक्षर फार छान आहे गं."

लोरीनला घरी संशय आलाच होता. तिने त्यांना दवाखान्यात नेलं, सातव्या रस्त्यावरच्या. डॉक्टर पेल्टन आज इथे आहेत, तिसऱ्या रांगेत. माझं नाव घेऊन सांग, असं त्यांनीच मला बजावलंय, म्हणून सांगते. डॉक्टरांच्या खोलीत एक साधी तपासणी असते. साल कोणतं, वार कोणता, असले प्रश्न. डॉक्टरांनी विचारलं, "ऋतू कोणता चाललाय?" एमेट म्हणाले, "हॉकीचा." डॉक्टर हसले. त्यांचं आपल्याकडे सोळा वर्षं हंगामाचं तिकीट आहे. मग विचारलं, "आपण आत्ता बसलोय त्या इमारतीचं नाव काय?"

आता तो दवाखानाही क्विलारा कंपनीचाच. दारावर तीच पाटी, तेच निळं चिन्ह, इथल्यासारखंच. एमेटनी खिडकीतून त्या पाटीकडे बघितलं आणि सांगितलं, "गार्डन."

डॉक्टरांनी टेबलावर हात मारला. म्हणाले, "तुम्ही काही ते नाव घ्यायचे नाहीत, दवाखान्यातसुद्धा!" आणि पूर्ण गुण दिले. दोन्ही उत्तरांना. लोरीन तिथेच बसली होती. तीही हसली. घरी येऊन तिने मला फोन केला, "गेल, सगळं ठीक आहे म्हणतात. उगाच घाबरलो आपण." त्या रात्री मी इतकी शांत झोपले की काय सांगू.

आपण काय केलं बघा. त्यांच्या हातून जे निसटत होतं त्यालाच आपण टाळ्या वाजवल्या. गेल्या हिवाळ्यात त्यांनी सतरा नंबरच्या पोराच्या गोलला रॉनी व्हिटेकरचं नाव दिलं. रॉनीने खेळणं सोडून कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला वाटलं, जुन्या खेळाडूला मानवंदना देतायत, आणि सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. तो सतरा नंबरचा पोरगाही काठी वर करून उभा राहिला, बिचारा. मी चिठ्ठीवर बोट ठेवून बसले होते, आणि चिठ्ठीवर बरोबर नाव होतं.

त्याच दुपारी सामना संपल्यावर एमेट सापडेनात. लोरीन गाडी चालू ठेवून बसलेली. शेवटी ते पश्चिमेच्या अंगाला सापडले. तिथे पूर्वी दार होतं, आता वाइनची जाहिरात असलेली सलग भिंत आहे. कोट बर्फाने पांढरा झालेला, आणि दोन्ही हातांनी भिंत चाचपत होते. लोरीनला म्हणाले, "अगं, दार कुठे गेलं? इथेच होतं ना?" ती म्हणाली, "इथेच होतं, एमेट. चला, दुसरीकडून जाऊ."

मग आम्ही दोघी त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी जुना कागद काढला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे गुण मी दिलेत. हे माझं अक्षर आहे." लोरीनने विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर? ते म्हणाले, थांबवता आलं नसतं, पण थोडा वेळ मिळाला असता. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. ऐकून करणार काय होतो?

काँक्लिन बाई, आता दोन शब्द तुमच्याशी. तुमच्या कंपनीची अकरा पत्रं माझ्या खणात आहेत. निवेदक नाव घेत नाहीत, कृपया लक्ष घालावं. निवेदकांना पुन्हा समज द्यावी. यामागचं कारण कळवावं. मी ती एमेटना कधी दाखवली नाहीत, आणि तुम्हाला मनातल्या मनात फार वाईट बोलले. आज माझी मान खाली जाते. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं तेव्हा काहीतरी चुकतंय असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. तुम्ही कारण विचारलंत. आम्ही, ज्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं, आम्ही विचारलंच नाही. मला माफ करा.

असो. रडगाणं गायला मला इथे उभं केलेलं नाही. भेटवस्तूचं सांगते. तुम्ही लोकांनी सह्या गोळा केल्यात की आमच्या केबिनला एमेटचं नाव द्यावं. हॉलिस्टर साहेबांनी खरोखर प्रयत्न केला, मी साक्षीला आहे. पण केबिन आधीच कुणाच्या तरी नावावर आहे. दार वेगळ्याच्या. काच वेगळ्याच्या. साहेब कराराची पानं उलटत मला म्हणाले, "गेल, या इमारतीत माझं असं काही उरलेलंच नाही गं." शेवटी सापडली ती एमेटची खुर्ची. ती त्यांनी पहिल्याच हंगामात स्वयंपाकघरातून आणलेली, म्हणून कुठल्याच करारात नाही. तिच्या पाठीवर नाव कोरून घेतलंय, आणि ती आज ते घरी नेतायत. तीनशे बारावाल्यांनो, गाडीपर्यंत उचलायला दोघं लागतील.

हे सगळं जाहीर सांगायला मी तयार नव्हते. लोरीन म्हणाली, "सांग बाई. नाहीतर उद्या दुकानात कुणी हाक मारेल आणि हे ओळखणार नाहीत. लोक म्हणतील, मोठा झाला, माजला. ते मला नाही सोसायचं." म्हणून सांगितलं. लोरीन, झालं बघ तुझं काम. आता तरी तशी बघू नकोस माझ्याकडे.

शेवटचं सांगते आणि खाली बसते. आज लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. एमेटनी टायवरून हात फिरवला, आजूबाजूला बघितलं आणि मला विचारलं, "गेल, या जागेला आता काय म्हणतात गं?" अजून माझं नाव आहे त्यांच्याजवळ, हे बघा. लिफ्टच्या आतल्या पाटीवर उत्तर लिहिलेलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. ते कार्ड मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेत म्हणेन.

मी म्हटलं, "गार्डन."

"म्हणजे बदललं नाही," ते म्हणाले. "मला उगाच वाटत होतं, काहीतरी बदललंय." आणि इतके मोकळे हसले की लोरीनने तोंड फिरवलं.

अध्यक्ष महोदय, मला बोलू दिलंत, आपली आभारी आहे. पाहुण्यांचे, स्वयंपाकघरातल्या मंडळींचे, आणि एवढा वेळ शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मागेपुढे झालं असेल, कराराविरुद्ध काही गेलं असेल, तर ती चूक माझी, मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि उद्या रस्त्यात, मासळीच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर एमेटनी तुम्हाला हेच विचारलं, तर ओरडू नका, टाळ्या वाजवू नका. फक्त उत्तर द्या. पुन्हा विचारलं तर पुन्हा द्या.

नमस्कार.