चंद्र-चांदणीवरची चक्री

(दुपार. दोन घरं, एक फोन.)

सून: बाबा, वेल मला दिसलीच नाही. नुसता पांढरा फराटा आलाय.

सासरे: अगं, फुलंच इतकी आलीत की सगळं पांढरं झालंय. तू लावलीस तेव्हा काडी होती काडी. आता खिडकीचे गज दिसत नाहीत.

सून: फुलं वेगळी नि फराटा वेगळा. फोटो हललाय. पाठवला कुणी?

सासरे: कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी. त्याही म्हणाल्या, काका, हा फोटो आहे की डाग?

सून: खरं बोलल्या. कॅमेरा आहे जवळ? वर, बटणाशेजारी गोल चक्री आहे बघा. तिच्यावर चित्रं आहेत.

सासरे: आहेत ना. डोंगर, बाईचं तोंड, पळणारा माणूस, फूल. झालंच तर चंद्र-चांदणी.

सून: आत्ता खुणेसमोर कुठलं आहे?

सासरे: ते मेलं दिसत नाही नीट.

सून: अजून सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवता, आणि एवढं दिसत नाही?

सासरे: सुई जन्माच्या ओळखीची आहे. हे यंत्र परकं.

सून: फूल आणा समोर. जवळून काढायचा तर फूल, लांबचा तर डोंगर, चेहरा हवा तर ते तोंड. कुणी पळत असलं तर पळणारा माणूस.

सासरे: इथे कोण पळतंय? मी एकटा, तोही गुडघ्यावर हात टेकून उठतो.

सून: म्हणून तर फूल. आणलंत?

सासरे: आणलं.

सून: काढा एक. मी ऐकते.

सासरे: फोटो काय ऐकायचा असतो?

सून: काढा तर खरं.

सासरे: घे, काढला.

सून: तुम्ही चक्री फिरवलीच नाहीत.

सासरे: तुला काय तिथून दिसतंय?

सून: एकदा टक् झालं आणि दुसरं टक् व्हायला केवढा वेळ लागला. म्हणजे चंद्र-चांदणीच आहे. तो रात्रीचा मोड. त्या खोलीत दुपारीही अंधार असतो, म्हणून कॅमेरा डोळा उघडा ठेवून बसतो. तेवढ्यात तुमचा हात हलतो.

सासरे: हात आता हलायचाच. बरं, तुझा आवाज घुमतोय. जिन्यात उभी आहेस?

सून: इथे रेंज चांगली येते.

सासरे: मागच्या वेळीही जिन्यातच होतीस. मी फोन करतो ते चालतं ना गं तुमच्या घरी?

सून: चालतं.

सासरे: नाही, नव्या नवऱ्याच्या घरी जुन्या सासऱ्याचा फोन. कुणालाही अवघडल्यासारखं होईल. परत लग्न कर म्हणून तुझ्या मागे मीच लागलो होतो, आता मीच मधे मधे कशाला? वेलीचं सांगायचं होतं म्हणून केला.

सून: ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? करमत नव्हतं म्हणून केला म्हणा.

सासरे: करमत नाही, हे काय रोज रोज सांगायचं?

सून: मग चक्री का फिरवत नाही, ते तरी सांगा.

सासरे: ती माझ्या पिंट्याने लावलीय. तो गेला तेव्हा कॅमेरा घरी टेबलावर होता. चक्री चंद्रावर. त्याचे कपडे देऊन टाकले मी, माझ्या हातांनी शिवलेले. खाट काढली. हे एवढंच राहिलंय, त्याच्या बोटांनी शेवटचं फिरवलेलं. फुलावर नेलं नि परत चंद्रावर आणलं, तरी ते मी आणलेलं होईल ना?

सून: हं.

सासरे: हसलीस तरी चालेल.

सून: हसत नाही. बाबा, एक सांगू? रागावू नका.

सासरे: तुझ्यावर कधी रागावलोय? भाजी करपायची तेव्हाही मुकाट जेवलो.

सून: चंद्र-चांदणी त्याने नव्हती लावली. मी लावली होती. अपघाताच्या आदल्या दिवशी, गच्चीवर. अंधारून आलं होतं. त्याला म्हटलं, हलू नकोस, याला वेळ लागतो. म्हणून मुद्दाम हलला. हसला आणि हलला.

सासरे: थांब. पिंट्या असतानाचा शेवटचा फोटो म्हणजे एक पिवळट फराटा आहे. मला वाटायचं, रस्त्यावरचे दिवे.

सून: तो तो आहे.

सासरे: पिंट्या?

सून: पिवळा शर्ट होता अंगात. तुम्ही शिवलेला.

सासरे: रोज बघतो गं तो. बघतो नि पुढे जातो. हसतोय म्हणालीस?

सून: हसतोय. दिसत नाही, पण हसतोय.

सासरे: माप घेताना कधी म्हणून सरळ उभा राहिला नाही. टेप लावली की याला गुदगुल्या. साऱ्या गावाचे कपडे बसायचे अंगावर, माझ्या पोराचा शर्ट तेवढा तिरका.

सून: मला बघवेना तो फोटो. म्हणून कॅमेरा तुमच्याकडेच ठेवून आले.

सासरे: बरं केलंस.

सून: आता फिरवा चक्री. ती त्याची नाहीच.

सासरे: तुझी आहे म्हणतेस?

सून: माझी.

सासरे: मग तर मुळीच फिरवत नाही.

सून: अहो बाबा, मग मला वेल कशी दिसायची?

सासरे: ते तू बघ. मास्तरीण तू.

सून: बरं, ऐका. हातात धरू नका. शिलाई मशीनवर ठेवा, खाली कापडाची घडी घाला. आत्ता वारा असेल, फुलं हलत असतील. संध्याकाळी तिथला वारा पडतो, मला माहितीय. बटण दाबायचं आणि दुसरं टक् होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

सासरे: ते दुसरं टक् मला कुठलं ऐकू येतंय? बारीक आवाज आता कानाला लागतच नाहीत.

सून: मी ऐकेन ना. संध्याकाळी लावते फोन.

सासरे: नको गं. तेव्हा जिन्यात अंधार असेल.

सून: जिन्यातून नाही. घरातून लावते.