दीपमालाचं विमान अन् माझं डोळं

“काका, तुम्ही जरा गप्प बसा!” मला? अरे, तू कर्वेनगरात कानाला हेडफोन लावून बसलेला अनिरुद्ध, तू मला गप बसवणार? अठ्ठावीस वर्षं टेम्पो हाणलाय मी, कुणाच्या बापानं गप बसवलं न्हाई!

पाव्हणं, तुम्हाला सांगतो, माझी पोरगी दीपमाला आयटीत हाय, अन् सुट्टीच्या दिवशी विमान उडवती. खरं न्हाई ओ, कॉम्प्युटरवरचं! पण ऑनलाइन गेलं की विमानतळाच्या टॉवरवरनं वाट सांगणारा माणूस खरा, जित्ता, त्याच्या घरात बसलेला. हाच तो अनिरुद्ध. अन् उडवायची रीत काय, तर ढगात शिरायचं न्हाई, काचेतनं खाली नदी, पूल, रस्ता वळखत जायचं. मी म्हटलं, डोळ्यानं बघून चालवायचं, एवढंच हाय ना? मग मी जन्मभर काय केलं?

पण पोरगी भित्री. एकटी उडवताना वाघीण, अन् पलीकडनं खरा आवाज आला की हिची वाचा बसती! सहा महिनं झालं, विश्रांतवाडीच्या पुढं गेली न्हाई. टॉवरवाला इचारतो, कुठं आहात? ही थेट कॉम्प्युटरच बंद करती. मग जेवत न्हाई, बोलत न्हाई... मागल्या रविवारी म्हणाली, “अण्णा, आज शेवटचं. न्हाई जमलं तर नाद सोडते.” आता बापाचं काळीज... बसलो शेजारी!

लोहगावच्या विमानतळावरनं उडाली. झकास! मी म्हटलं, आळंदी रोड धर. धरला. रोड वळला, वळीव. वळवलं. डावीकडनं चल. चालली बिचारी! डोळ्यानं बघून चालवायचं, एवढंच हाय ना? तेवढ्यात खाली खडकीचा पूल दिसला अन् मी वरडलो, “इकडनं नको, वन-वे हाय!” अन् पोरीनं... माझ्या पोरीनं... हजार फुटांवर विमान गर्रकन माघारी वळवलं!

अनिरुद्ध लगीच, “आपण का वळलात?” हिचा हात चालला बंद करायच्या बटनाकडं... मग मीच माईक ओढला. “खाली वन-वे हाय, दिसत न्हाई व्हय?” तर तो थंडपणानं, “काका, तो जमिनीवर असतो. ही रेडिओची फ्रिक्वेन्सी आहे, चौक नाही. तुम्ही जरा गप्प बसा.” मी बसतो व्हय? त्याच्या टॉवरसकट उद्धार केला मी त्याचा!

अन् दीपमाला उलटली की माझ्यावर! “अण्णा, सोडा तो माईक!” हिसकला, अन् त्याच तावात घडाघडा इंग्रजीत, मी कुठं, किती उंच, खडकीच्या पुलाजवळ, नदी उजव्या हाताला, उतरायला येते... एकदाबी अडखळली न्हाई ओ! उतरताना दोनदा आपटलं, आपटू द्या! मी तर पहिला टेम्पो भिंतीत घातलेला. डोळ्यानं बघून चालवायचं, एवढंच हाय ना... पण माझंच डोळं भरलेलं, मला काय दिसतंय!

तर तो म्हणतो, “उत्तम. पुन्हा या. एकट्याच या.”

अन् ती खरंच एकटी जाती आता! आतनं कडी. मी हितं दाराशी स्टूल टाकून. आत्ता ऐकलं, सिंहगडाकडं निघालीय, डोंगरातनं! मी वाजवलं की “अण्णा, नंतर.” पण तुम्हा पाव्हण्यांना न्हाई म्हणायची न्हाई ती. उठा. चहा ऱ्हाऊ द्या. दार वाजवा.