माहुल घाटकोपरपर्यंत येत नाही

हॅलो? वहिनी? मी चेतना… हो, पोचले भांडुपला, कधीच पोचले. दादा कुठाय? फोन का उचलत नाहीये?… खाली गेला? अगं, जेवला का ते नंतर सांग. शाळेची गाडी चालू केली का, ते सांग आधी.

गॅलरीत जा. जा गं, चालता चालता बोल… दिसतोय? काच पुसतोय? बरं. हाक मार त्याला. म्हणावं, चावी फिरवू नको. मुलं बसली का?… आपली मीरा आणि बाजूचा केतन. दोघांना उतरव. हो, आत्ता. उतरव म्हणजे उतरव, का ते मग विचार.

…उतरली? नक्की? लांब उभं राहायला सांग, पाण्याच्या टाकीपाशी. आणि दादाला वर बोलव.

सांगते ना, ऐक. सकाळी दादाने मला त्याच व्हॅनने घाटकोपरला सोडलं, बॅग मागे होती, सिलिंडरच्या बाजूला… अगं, सीएनजीचा सिलिंडर, घरचा नाही. मी बसल्या बसल्या म्हटलं, दादा, गॅसचा वास येतोय. तर म्हणतो, ही माहुलची हवा, रिफायनरीचा वास आहे, काच वर कर. केली वर… हो, सगळेच करतो आपण. तेच सांगतेय. बाहेरचा वास आत नको म्हणून काचा वर, आणि आतला जाणार कुठे? घाटकोपरला उतरले तरी येत होता, वहिनी. माहुल काय माझ्या मागे मागे घाटकोपरपर्यंत आलं?

नाही, तेव्हा नाही ट्यूब पेटली. घरी आले तर सासूबाई दारातच, गॅस उघडा राहिला का गं? शेगडी बघितली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, वर मलाच ओरडल्या. आणि वास माझ्या बॅगेला.

…तुला कसा येईल? तिथे राहून राहून आपल्याला काही जाणवतच नाही. लग्नाआधी मला तरी कुठे येत होता?

आला का तो? दे फोन.

दादा, ओरडू नको… माहितीये, उशीर होतोय. होऊ दे… हो रे, वीस वर्षं चालवतोयस. तुझे कान तिखट आहेत, बेअरिंग कुरकुरलं की मेकॅनिकच्या आधी तुला कळतं. ब्रेक नरम झाला तर तळपायाला कळतो. कुठला रिक्षावाला मध्ये घुसणार, ते त्याच्या मानेवरून ओळखतोस. सगळं कबूल. पण नाकाचं काय?… नाही, कमी नाही लेखत तुला. मला भीती वाटतेय रे.

भांडण नंतर कर. स्पीकरवर टाक… वहिनी, मगात भांडी घासायच्या लिक्विडचा फेस कर. गाडीची दारं सगळी उघड, आणि मागे सिलिंडरला नळी जिथे जोडलीय ना, तिथे लाव, फुगे आले म्हणजे गळतंय. फोन नेऊ नको… नाही दादा, तू थांब. तू गेलास की ‘काही नाही’ म्हणून परत येशील.

गेली?… मला एक सांग. ती चेंबूरची श्रुतिका, तू नखरेवाली म्हणतोस ती. रोज नाकाला रुमाल लावून बसते ना?… शाळेत पण लावते, की तुझ्याच गाडीत?… विचारलंच नाहीस. अरे, तिची आई बोललेली ना तुला? आणि तू काय म्हणालास, माहुलची गाडी आहे, थोडा वास येणारच. रात्री जेवताना हसून सांगत होतास. मी पण हसले, यार.

थांब, वहिनी काहीतरी ओरडतेय खालून. काय म्हणतेय?… काय? परत विचार.

फुगतोय… एक फुगा फुटला की दुसरा येतोय…

दादा? बस जरा. पाणी पी. नाही झालं काही. ऐक, नाही झालं. मीरा टाकीपाशी उभी आहे, केतन उभा आहे… किती दिवसांपासून, ते मला काय माहीत? जा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद कर आधी. गाडी चालवत नेऊ नको गॅरेजला, मेकॅनिकलाच तिकडे बोलव. जा, मी आहे फोनवर.

…हं, झाला बंद?… काय केलंस?… बंद करायच्या आधी जवळ जाऊन नाक लावलंस. मग?… तरी नाही आला? फुगे डोळ्यांनी बघितलेस, आणि वास नाहीच?

अरे, रडतोस काय… दादा. मुद्दाम केलंस का तू?… ऐक ना. आता सगळ्यांच्या घरी फोन कर, आज गाडी येणार नाही म्हणून. आधी श्रुतिकाच्या आईला लाव… नाही, मी नाही करणार तुझ्यातर्फे. तूच कर… खरं ते सांग, दुसरं काय… आणि मग म्हण, श्रुतिकाकडे द्या जरा फोन.

हो, तिच्याकडेच, वास तिलाच येत होता ना. ठेवते मी. लाव तू.